हरिभद्रकृत धूर्ताख्यानांतील विनोदाची घडण

हरिभद्रसूरीचें 'धूर्ताख्यान' हें आठव्या शतकांतील प्राकृत काव्य मुनि जिनविजय यांनीं इ. स. १९४४ सालीं मुंबईस सिंघी जैन ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. सोबत संघतिलकाचें संस्कृत रूपांतर व एक जुनें गुजराती गद्य रूपांतरहि जोडलें. पुराणकथांच्या खंडनाचा ग्रंथ म्हणून त्याची गणना होते. ती खोटी नव्हे. परंतु तेवढ्यानें ग्रंथ हास्यकारक कां झाला, याचा उलगडा होत नाहीं. अचाट गोष्टी सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. ते सर्वच वाचून हंसूं येत नाहीं.

उज्जयिनीच्या उद्यानांत पावसानें अडकलेले पांच धूर्त (त्यांत खंडपाना ही एक स्त्री) भुकेले बसले असतां पैज ठरते. प्रत्येकानें स्वतःचा अनुभव सांगावा. जो तो खोटा म्हणेल, त्यानें सर्वांस जेवण द्यावें; जो भारत-रामायण-पुराणांतील दाखल्यांनीं तो खरा ठरवील, त्यास कांहींच देणें नाहीं.

संभाषण चालतें तें उभयपक्षीं गृहीत धरलेल्या नियमांवर, व त्यांतील एक असा कीं खोटें वाटतें तें बोलूं नये, असें एच्. पी. ग्राइस यांनीं इ. स. १९७५ मध्यें मांडलें. येथें पैजेनें हा नियमच उलटविला आहे. दंड थापाड्यास नाहीं, शंका घेणारास आहे! मूलदेव सांगतो कीं, रानहत्ती मागें लागल्यामुळें आपण कमंडलूंत शिरलों, हत्तीहि आंत शिरला, आणि अखेर तोटींतून बाहेर पडतांना त्याच्या शेपटीचा एक केंस अडकून राहिला. सबंध हत्ती निघाला आणि केंस अडला! कंडरीक मुळींच हंसत नाहीं. विष्णूच्या नाभिकमलांत अडकलेल्या ब्रह्मदेवाचा दाखला तो गंभीरपणें पुढें करितो. एकाच वाक्यास परस्परविरोधी दोन संदर्भ लागू पडणें हें विनोदाचें बीज होय, असें व्हिक्टर रास्किन यांनीं इ. स. १९८५ मध्यें प्रतिपादिलें. येथें ते संदर्भ थाप आणि शास्त्रप्रमाण हे होत.

खरी करामत मात्र खंडपानेची. आम्हांस तर तिच्याच कथेसाठीं हा ग्रंथ रचिला असावा असें वाटतें. आधींच्या चौघांच्या कथांत 'मी' आहे. श्रोते कथेबाहेर सुरक्षित आहेत. ही सांगते कीं, मी राजाच्या धोब्याची मुलगी. वाऱ्यानें वस्त्रें उडालीं, चाकर पळाले. त्यांच्या शोधांत मी फिरत आहें. आणि लगेच म्हणते, ते चाकर तुम्हीच, आणि तुमच्या अंगावरचीं वस्त्रें तींच! 'ते' चे 'तुम्ही' झाले, एवढाच व्याकरणाचा पालट. खरें म्हणावें तर दास्य, खोटें म्हणावें तर जेवण. कथेंतील जग व कथनाचें जग यांमधील मर्यादा अशी ओलांडण्यास जेरार जनेट या फ्रेंच पंडितानें इ. स. १९७२ मध्यें स्वतंत्र संज्ञा योजिली. युक्ति मात्र आमच्याकडे हजारांहून अधिक वर्षांची जुनी आहे.

हस्तलिखितांच्या दृष्टीनें यांतील महत्त्व असें. संक्षेपकारानें 'तिनें त्यांस आपले चाकर म्हटलें' असें परोक्ष वाक्य केलें कीं कथानक राहतें, विनोद जातो. निशीथचूर्णींतहि ही कथा संक्षेपानें आली आहे. तेव्हां ज्यांचे संग्रहीं अशा धूर्तकथांच्या गद्य वा पद्य पोथ्या असतील, त्यांनीं पाठभेद नोंदतांना शब्दांबरोबरच पुरुष व वचन हींहि टिपावींत, व खंडपानेच्या शेवटच्या भाषणाची नक्कल अक्षरशः करावी, अशी आमची सूचना आहे.