विषमता जन्मते कशी?

“ज्याचे त्याचे नशीब,” असे म्हणून आपण दुसऱ्याच्या दारिद्र्याकडे पाठ फिरवितो. ख्रिस्ती घरांतूनही हे उद्गार ऐकू येतात. परंतु विषमता आकाशातून पडत नाही. माणसेच ती घडवितात, आणि कशी घडविली हे पुढे विसरून जातात.

गोव्यातील गावकारीचेच उदाहरण घ्या. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून तेथे गावची पुष्कळ जमीन सामाईक असे. तिच्या उत्पन्नातून बांधबंदिस्ती, देवकार्य व सरकारदेणे भागवून उरलेली शिल्लक गावकारांत ‘जोण’ म्हणून वाटली जाई. १५२६ साली अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने या चालीरीती लेखी नमूद करविल्या. जमीन सर्वांनी मिळून राखावी ही कल्पना थोरच होय. मात्र जोणीचा हक्क मूळ कुळांच्या पुरुष वंशजांपुरताच होता. ज्यांनी बांध घातले, चिखल तुडविला, त्यांपैकी कित्येकांची नावे त्या वहीत कधीच चढली नाहीत.

मुंडकाराची स्थिती याहून बिकट. घर त्याचे, पण भुई भाटकाराची. ‘ऊठ’ म्हटले की उठावे लागेल, या धाकाने तो मुकाट्याने राबे. ज्या घरी जमीनजुमला, त्या घरचा मुलगा शिकून वकील, वैद्य वा पाद्री होई. मुंडकाराचा मुलगा बापामागून कामाला जाई. दोन-तीन पिढ्या लोटल्या की लोक म्हणत, “यांना विद्येची आवडच नाही!” कारण विसरले गेले आणि परिणामालाच स्वभाव हे नाव मिळाले. विषमता जन्मते ती अशी.

सोळाव्या शतकात गावेच्या गावे ख्रिस्ती झाली, तरी वही तीच राहिली. बामण, चारडो, शूद्र ही नावेही बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाहीत. कित्येक गावांत कोंफ्रारियेचे सभासदत्वदेखील जन्मावरून ठरे. हा दोष केवळ गोव्याचा नव्हे. भारतातील ख्रिस्तसभेत जातिभेद आहे, हे कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली आपल्या दलितविषयक धोरणात मोकळेपणाने मान्य केले.

जे माणसांनी घडविले, ते माणसांना मोडताही येते. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहणाऱ्याला संरक्षण दिले. घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही मुंडकाराला लाभला. तथापि मामलेदाराकडे नोंद न केलेला हक्क प्रसंगी सिद्ध करणे कठीण जाते. शिकलेल्या शेजाऱ्याने एखाद्या मुंडकाराचा अर्ज लिहून दिला, तर तीही प्रभूची सेवाच होय.

आपल्या घरातही डोकावून पाहू या. गोव्याच्या नागरी कायद्याने मुलगा व मुलगी यांचा वारसाहक्क सारखाच आहे. असे असता लग्नप्रसंगी मुलीकडून हक्क सोडल्याची सही मागितली जाते, तेव्हा जुन्या वहीचेच नवे पान आपण लिहीत असतो.

सोन्याची अंगठी ल्यालेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायांशी बसविणाऱ्या मंडळीला संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात खडसावतो. तेव्हा, प्रिय वाचकहो, येत्या फेस्ताआधी आपल्या गावच्या कोंफ्रारियेची वही उघडून पाहा. तीत कोणाची नावे आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. कोणाची नाहीत आणि का नाहीत, हे एकमेकांना विचारा.