सर्दी म्हणून दुर्लक्ष नको, ती ॲलर्जी असू शकते

घट बसायच्या आधी घराघरांत साफसफाई निघते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या-चादरी धुवायला निघतात, जाळ्या-जळमटं झाडली जातात. आणि याच आठवड्यात घरातल्या कुणाला तरी शिंकांची लड लागते. एकामागून एक दहा-पंधरा शिंका, नळासारखं वाहणारं नाक, लाल झालेले डोळे आणि टाळूला सुटलेली न थांबणारी खाज. कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून ‘सर्दीची गोळी’ येते. दुपारपर्यंत नाक थांबतं, पण माणूस झोपाळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. असे दोन महिने जातात आणि ‘माझी प्रकृतीच सर्दीची’ असं म्हणून विषय संपवला जातो.

ही सर्दी बऱ्याचदा सर्दी नसतेच. वैद्यकीय भाषेत तिला ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात. परागकणांमुळे ठरावीक ऋतूत होणाऱ्या त्रासाचं जुनं इंग्रजी नाव म्हणजे ‘हे फिव्हर’. शब्दशः अर्थ गवती ताप. प्रत्यक्षात त्यात ताप येत नाही आणि वाळलेलं गवत हे एकमेव कारणही नसतं. लंडनमधले डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी 1819 मध्ये या विकाराचं पहिलं नेटकं वर्णन केलं. तो रुग्ण ते स्वतःच होते. त्यांना लहानपणापासून दर उन्हाळ्यात हा त्रास व्हायचा. पुढे मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवरच प्रयोग करून परागकण हेच कारण असल्याचं 1873 मध्ये मांडलं. हवेत किती उंचीवर पराग असतात हे पाहण्यासाठी त्यांनी पतंगही उडवले होते.

नाकात नेमकं काय होतं?

परागकण, बुरशीचे कण किंवा धुळीतले सूक्ष्म जीव शरीराला तसे निरुपद्रवी. पण काही जणांची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्यं तयार करते. ही प्रतिद्रव्यं नाकातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन व इतर रसायनं बाहेर टाकतात. शिंका, खाज आणि पाणी हे काही मिनिटांतच सुरू होतं. चार-आठ तासांनी दुसरी लाट येते. तिच्यात अस्तराला सूज येते आणि नाक चोंदतं. म्हणून सकाळी झाडलोट केली तरी रात्री नाक बंद होऊन झोप मोडू शकते. हे दोन टप्पे लक्षात घेतले की कोणतं औषध कशावर चालतं आणि कशावर चालत नाही, हेही कळतं.

महाराष्ट्रातले नेहमीचे संशयित

रस्त्याकडेची रंगीत, मोठी फुलं पाहून लोक त्यांना दोष देतात. पण अशा फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, ते कीटकांबरोबर जातात. त्रास होतो तो वाऱ्यावर उडणाऱ्या हलक्या परागांचा, म्हणजे मुख्यतः गवतांचा. पावसाळा सरता सरता गवतं फुलोऱ्यावर येतात आणि सप्टेंबरपासून त्रास वाढतो.

त्यात भर गाजर गवताची. काँग्रेस गवत म्हणून ओळखलं जाणारं हे अमेरिका खंडातलं तण भारतात पुण्याजवळ 1955 च्या सुमारास प्रथम लक्षात आलं. आयात केलेल्या धान्याबरोबर ते आलं असं मानलं जातं. आज पडीक जमीन, रेल्वेमार्ग आणि शेताचे बांध कुठेही ते दिसतं. त्याच्या परागांनी नाकाची ॲलर्जी होते आणि झाडाच्या स्पर्शाने त्वचेवर चट्टे येतात. ते उपटायचं असेल तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालून आणि नाक झाकून उपटावं.

ज्यांना वर्षभर त्रास होतो, त्यांच्या बाबतीत संशय गादीवर घ्यावा. डस्ट माइट हे डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात. दमट हवा त्यांना मानवते. त्यामुळे मुंबई आणि कोकणातल्या कापसाच्या गाद्या, उशा, जाड पडदे म्हणजे त्यांची वसाहतच. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी, झुरळं आणि पाळीव प्राण्यांचा कोंडाही या यादीत येतो. उदबत्ती, डासांची कॉइल आणि वाहनांचा धूर यांची बहुधा ॲलर्जी नसते, पण सुजलेल्या नाकाला ते आणखी चिडवतात.

सर्दी की ॲलर्जी?

विषाणूच्या सर्दीत अंग दुखतं, घसा खवखवतो, कधी ताप येतो, काही दिवसांत शेंबूड घट्ट होतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत सगळं ओसरतं. ॲलर्जीत ताप नसतो, पाणी पातळ राहतं, नाक-डोळ्यांना खाज असते आणि त्रास आठवडेच्या आठवडे चालतो. लहान मूल तळहाताने नाक सारखं वर चोळत असेल आणि डोळ्यांखाली काळसर छटा असेल, तर तीही खूण समजावी. या त्रासावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही.

गोळी घेताना

सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन हे जुनं औषध असतं. ते हिस्टामिन रोखतं, पण मेंदूवरही परिणाम करतं. झोप येते, प्रतिक्रिया मंदावते. रिक्षा, ट्रक चालवणाऱ्यांसाठी किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी हा धोका गंभीर आहे. ज्येष्ठांना त्याने गोंधळल्यासारखं होऊ शकतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडकू शकते. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांसारख्या नव्या पिढीच्या औषधांनी झोप फारशी येत नाही. सिट्रिझिनने काहींना येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही, ते पाण्याबरोबरच घ्यावं. या गोळ्या शिंका आणि खाज यांवर चांगल्या चालतात, चोंदलेल्या नाकावर मात्र कमी.

आपल्याकडे माँटेलुकास्ट मिसळलेल्या गोळ्याही सर्रास घेतल्या जातात. चिडचिड, वाईट स्वप्नं, नैराश्य अशा परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये या औषधावर ठळक इशारा छापायला लावला आणि नाकाच्या ॲलर्जीसाठी इतर उपाय चालत नसतील तरच ते वापरावं, असं सांगितलं. मुलांच्या वागण्यात बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

थेंबांची सवय, स्प्रेची भीती

बंद नाक दोन मिनिटांत मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब म्हणजे सापळा ठरू शकतो. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते वापरले तर औषधाचा असर संपताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं. मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षं उशाखाली बाटली ठेवून झोपणारे लोक ॲलर्जीइतकेच या औषधाचेही रुग्ण झालेले असतात.

याउलट, सर्वांत उपयोगी औषधाची लोकांना भीती वाटते. फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारखे नाकात मारायचे स्टेरॉइड स्प्रे सूज मुळातूनच कमी करतात. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने पालक दचकतात. पण या स्प्रेतला औषधाचा अगदी थोडा अंश रक्तात पोहोचतो, गोळी-इंजेक्शनशी त्याची तुलना होत नाही. मुलांमध्ये ते दीर्घकाळ वापरताना वाढीवर लक्ष ठेवायचं आणि काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, एवढी काळजी घ्यावी लागते.

‘स्प्रे मारला, काही झालं नाही’ अशी तक्रार नेहमी येते. तो थेंबांसारखा तत्काळ काम करत नाही. रोज नेमाने घेतल्यावर काही दिवसांत फरक पडतो, पूर्ण गुणाला दोन आठवडे लागू शकतात. मारण्याची पद्धतही चुकते. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डावीसाठी उजवा हात वापरावा. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता कानाच्या दिशेने धरावं आणि हलकासा श्वास घ्यावा. जोरात ओढलं तर औषध घशात जातं. पडद्यावर मारलं तर नाकातून रक्त येतं.

घरगुती उपायांचं काय?

जलनेती, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं, हा खरोखर उपयोगी उपाय आहे. परागकण आणि चिकट स्राव धुऊन निघतात. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यातून क्वचित, पण प्राणघातक असा मेंदूचा संसर्ग होऊ शकतो. स्प्रे घेण्याआधी नाक धुतलं तर औषधही नीट लागतं.

वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, ॲलर्जी जात नाही. मुलं पातेल्यातल्या उकळत्या पाण्याने भाजतात, म्हणून त्यांना तशी वाफ देऊ नये. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही, पण त्यावर औषध सोडू नये. गावच्या मधाने परागांची ॲलर्जी जाते, याला भरवशाचा पुरावा नाही. मधमाश्या ज्या फुलांवर जातात, त्यांचे पराग मुळात वाऱ्यावर उडणारे नसतातच.

गाद्या-उशांना घट्ट विणीची खोळ घालणं, चादरी-अभ्रे दर आठवड्याला साधारण 60 अंश गरम पाण्यात धुणं, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणं आणि ओल दुरुस्त करणं, अशी सगळी पथ्यं एकत्र पाळली तरच फरक दिसतो.

तपासणी आणि लस

औषधांनी भागत नसेल तर त्वचेवर सुईने टोचून ॲलर्जीची चाचणी करता येते. त्याआधी काही दिवस हिस्टामिनविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. कारण पक्कं सापडलं तर इम्युनोथेरपीचा पर्याय असतो. लिओनार्ड नून यांनी 1911 मध्ये लंडनमध्ये गवताच्या परागांचा अर्क टोचून तिची सुरुवात केली. हे उपचार तीन ते पाच वर्षं चालतात आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावेत, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

नाक आणि फुप्फुसं ही एकाच श्वासमार्गाची दोन टोकं आहेत. नाकाची ॲलर्जी असलेल्या अनेकांना दमाही असतो किंवा पुढे होतो, आणि नाक आटोक्यात आलं की दमा सांभाळणंही सोपं जातं. छातीत घरघर, रात्रीचा खोकला, धाप ही लक्षणं असतील, एकच नाकपुडी सतत बंद असेल, वारंवार रक्त येत असेल किंवा चेहरा दुखून ताप येत असेल, तर दुकानातल्या गोळीवर थांबू नये.

तोपर्यंत एक साधी वही करावी. त्रास कोणत्या महिन्यात, किती वाजता, कुठे आणि काय करताना झाला, हे महिनाभर लिहावं. डॉक्टरांना त्या नोंदींचा मोठा उपयोग होतो. ज्यांचा त्रास ठरावीक ऋतूतच येतो, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हंगामाच्या दोन आठवडे आधीच स्प्रे सुरू करावा. आणि माळा झाडायचं काम यंदा घरातल्या शिंकणाऱ्या माणसाकडून काढून दुसऱ्या कुणाकडे द्यावं.