ऑडिओबुक कोणतं, यापेक्षा ते वाचतंय कोण हे आधी बघा

माझ्या आजीला काचबिंदू आहे. आयुष्यभर वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणणारी बाई, आता तिला मथळासुद्धा दिसत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिच्या मोबाईलवर ऑडिओबुकचं ॲप टाकून दिलं. म्हटलं, आता प्रश्न मिटला.

कसला मिटतोय! पहिल्या कादंबरीच्या दहाव्या मिनिटाला आजीने इयरफोन काढले. "अगं, हा वाचतोय. सांगत नाहीये."

तेव्हापासून आमच्या घरी कादंबरी लेखकावरून नाही, आवाजावरून निवडली जाते. आणि खरं सांगायचं तर आजीचा मुद्दा रास्त आहे.

मुळात ऑडिओबुक ही गोष्ट तिच्यासारख्यांसाठीच सुरू झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना वाचता यावं म्हणून ब्रिटनमध्ये 'बोलकी पुस्तकं' काढायची खटपट झाली आणि १९३५ मध्ये ती ग्रामोफोनच्या तबकड्यांवर आली. तबकडीच्या एका बाजूला साधारण २५ मिनिटं मावायची, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांची चवड लागायची. सुरुवातीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' होती. ज्यांनी ती वाचलीय त्यांना कळेल की तिथे गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजात किती काय दडवावं लागत असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी मी गप्प बसते.

आपल्याकडे कान तयार झाले ते वेगळ्या वाटेने. पुलंच्या कॅसेट, वपुंचं कथाकथन, शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकरांचे कार्यक्रम. या सगळ्यांत लेखक स्वतः सांगतोय, समोर माणसं बसलीत, हशा आला की तो थांबतोय. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, मराठी पुस्तकं मोबाईलवर सहज ऐकता येऊ लागली, तेव्हा आपण नकळत तेच माप घेऊन ऐकायला बसलो. काही वाचकही तेच माप घेऊन माईकसमोर बसले असावेत.

गडबड इथेच होते. कथाकथन अर्ध्या तासाचं असतं, कादंबरीचं तसं नाही. इंग्रजी ऑडिओबुकमध्ये तासाला साधारण ९ हजार शब्द धरतात. मराठीत 'शेजारणीच्यासुद्धा' हा एकच शब्द होतो, त्यामुळे तासाला शब्द कमीच बसणार. म्हणजे लाखभर शब्दांची कादंबरी अकरा-बारा तासांच्या खाली येत नाही. इतका वेळ कुणी प्रत्येक वाक्यावर अभिनय करत राहिलं तर ऐकणारा दमतो. घरी आलेला पाहुणा बारा तास रंगात येऊन बोलत राहिला तर काय होईल, तसंच.

चांगला वाचक निवेदन जवळजवळ सपाट ठेवतो आणि संवादात थोडंसंच हलतो. पुरुष वाचकाने बाईचा संवाद आला की आवाज चिरका करायची काही गरज नसते. वेग जरा बदलला, सूर थोडा खाली-वर केला तरी कळतं कोण बोलतंय. जिम डेल यांनी हॅरी पॉटरच्या एका भागात १३४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. कमालच आहे ती. पण ते मुलांचं, जादूचं जग आहे. 'कोसला' कुणी असा १३४ आवाजांत वाचला तर मी पहिल्या प्रकरणातच बंद करेन. पांडुरंग सांगवीकर आपल्याशी बोलतोय, तो बोलल्यासारखाच वाचायला हवा.

'ययाति'चा प्रश्न अजून वेगळा. तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात. माझं मत विचाराल तर अशा कादंबरीला तीन माणसं हवीतच. खर्च वाढतो, मान्य. पण देवयानीचा संताप एखाद्या खर्जातल्या पुरुषी आवाजात ऐकताना तो तिचा वाटत नाही.

आता उच्चारांबद्दल, कारण आजीचं सर्वात जास्त डोकं इथे फिरतं. मराठीत 'च' आणि 'ज' दोन-दोन आहेत, पण लिपीत एकच अक्षर. 'चार'मधला च वेगळा, 'चारा'मधला वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला एकच, बोलायला दोन. कागदावर वाचताना आपलं डोकं ते आपोआप जुळवतं. ऐकताना मात्र वाचणाऱ्याची चूक थेट कानात येते. बोलीचंही तेच. आजी सातारा जिल्ह्यातली. माणदेशी शेतकऱ्याच्या तोंडचे संवाद एका वाचकाने असे म्हटले, जणू शहरातल्या स्नेहसंमेलनातलं नाटक चाललंय. आजी म्हणाली, "ह्याने बैल लांबूनच बघितलेला दिसतोय."

हे काम सोपं नाही, हेही सांगायला हवं. एक तासाचं तयार ध्वनिमुद्रण हवं तर स्टुडिओत निदान दुप्पट वेळ जातो. पोट गुरगुरलं, पान सळसळलं, की वाक्य पुन्हा. तोंडाचा चिकट आवाज येऊ नये म्हणून अनेक वाचक हिरवं सफरचंद खातात. स्टीफन फ्राय यांचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. हॅरी पॉटर वाचताना 'पॉकेटेड इट' हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर बसेचनात. त्यांनी रोलिंगबाईंना शब्द बदलायची विनंती केली. त्या नाही म्हणाल्या आणि, फ्राय सांगतात, पुढच्या प्रत्येक पुस्तकात ते शब्द मुद्दाम घातले.

या सगळ्या कटकटीवर उपाय म्हणून आता यंत्राचा आवाज आलाय. ॲपलने २०२३ च्या जानेवारीत अशी इंग्रजी पुस्तकं आणली. मराठीतही मजकूर टाकला की आवाज काढून देणारी साधनं आहेत. मला त्याचा सरसकट राग नाही. मराठीतल्या बहुतेक पुस्तकांसाठी कुणी स्टुडिओ भाड्याने घेणार नाही, आणि ज्याला दिसतच नाही त्याच्यासाठी यंत्राने वाचलेलं पुस्तक हे न वाचलेल्या पुस्तकापेक्षा नक्कीच बरं. अंध वाचक स्क्रीन रीडरवर कित्येक वर्षं तसंच वाचतायत. पण उद्या चांगल्या कादंबऱ्याही स्वस्त पडतं म्हणून यंत्राकडे गेल्या, तर आजीसारख्यांकडे दुसरा पर्याय उरत नाही. तुम्ही-आम्ही छापील प्रत उघडू शकतो.

एकदा तिला न सांगता यंत्राने वाचलेली एक कथा लावून दिली. उच्चार बऱ्यापैकी होते. दोन मिनिटांनी तिने विचारलं, "ही बाई श्वास घेत नाही का गं?"

तर ऑडिओबुक घेताना आमच्या घरची पद्धत सांगते. नमुना मिळतोच, त्याची सुरुवात सोडा, कारण तिथे सगळेच जपून वाचतात. संवाद येईपर्यंत पुढे जा. वेग वाढवू नका, एकपटीवरच ऐका. पाच मिनिटांत वाचणाऱ्याचं अस्तित्व विसरायला झालं तर घ्या. आजीने या महिन्यात असे चार नमुने नाकारले, पाचवा चालू आहे, नऊ तास झालेत आणि चार्जर तिच्या उशाशी आहे.