ड्रायव्हरला किती ठाऊक असावं? (भाग ४)

जी-कोडच्या एका ओळीतून अक्षांची हालचाल कशी ठरते, ते गेल्या भागात पाहिलं. एक्स अक्ष पुढच्या क्षणी कुठे हवा, याचा हिशेब ‘लिनक्ससीएनसी’ने केला. पण नुसत्या हिशेबाने मोटर फिरत नाही. त्यासाठी संगणकाबाहेरच्या तारेवर व्होल्टेज यावं लागतं, आणि ते आणण्याचं काम हार्डवेअर ड्रायव्हरचं.

लिनक्ससीएनसीची मुळं १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेत झालेल्या कामात आहेत. पुढे जॉन कासुनिच यांनी त्यात ‘हॅल’ हा थर आणला आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं काम कमालीचं सुटसुटीत झालं. हॅलमध्ये प्रत्येक घटक आपल्या पिना मांडतो, आणि कोणती पिन कोणत्या सिग्नलला जोडायची ते यंत्र बांधणारा एका साध्या फाइलमध्ये लिहितो.

जुन्या प्रिंटर-पोर्टचा ड्रायव्हर घ्या. तो ‘पॅरपोर्ट.०.पिन-०२-आउट’ अशा नावाने पिना पुढे करतो. त्या पिनेवर मोटरचे पल्स जाणार आहेत, कूलंटचा पंप लागणार आहे की नुसता दिवा, याची त्याला गंधवार्ता नसते. एका मिलिमीटरला किती पल्स हाही हिशेब त्याचा नव्हे. तो ‘स्टेपजेन’ नावाच्या दुसऱ्या घटकाकडे असतो. हे अज्ञान मुद्दाम राखलेलं आहे. त्यामुळेच तो ड्रायव्हर लेथवर चालतो आणि प्लाझ्मा कटरवरही.

वेळेच्या बाबतीत मात्र अज्ञान चालत नाही. एका फेऱ्यात २०० स्टेप घेणारी मोटर, १० मायक्रोस्टेप आणि ५ मिमी लीडचा बॉल स्क्रू, म्हणजे मिलिमीटरला ४०० पल्स. अक्ष मिनिटाला ३००० मिमी वेगाने न्यायचा, तर सेकंदाला २०,००० पल्स लागतात. पल्स एका फेरीत चढवायचा आणि पुढच्या फेरीत उतरवायचा असेल, तर कोडची फेरी दर २५ मायक्रोसेकंदांनी आलीच पाहिजे. अशा फेरीत फाइल वाचणं, मेमरी मागणं, कुणाच्या उत्तराची वाट पाहणं, सगळं वर्ज्य. मेमरी घेणं, पिना मांडणं ही कामं ड्रायव्हर लोड होतानाच उरकायची असतात.

मेसा कंपनीची एफपीजीए कार्डं हा भार संगणकावरून काढून घेतात. पल्स कार्डच तयार करतं. ‘होस्टमॉट२’ ड्रायव्हरने साधारण दर मिलिसेकंदाला एकदा स्थिती वाचायची आणि एकदा नवा हुकूम लिहायचा. इथे क्रम चुकवून चालत नाही. आधी वाचन, मग हालचालीचा हिशेब, शेवटी लेखन. लेखन हिशेबाच्या आधी लावलं तर कार्डाला एक फेरी शिळा हुकूम मिळतो, आणि वरच्याच वेगाने तेवढ्यात अक्ष ०.०५ मिमी सरकलेला असतो. नेमकं काम करणाऱ्या कारागिराला एवढा फरक खुपतोच.

आणि संगणकच अडकला तर? मेसाच्या कार्डावर वॉचडॉग असतो. ड्रायव्हरकडून ठरलेल्या वेळेत, मुळात ५ मिलिसेकंदांत, हजेरी आली नाही की कार्ड आपले आउटपुट सोडून देतं. प्रिंटर-पोर्टवर असं काही नसल्याने ‘चार्ज पंप’ वापरतात : एका पिनेवर सतत चालू-बंद होणारा सिग्नल पाठवायचा, आणि तो थांबला की त्याची सोय असलेला ब्रेकआउट बोर्ड आउटपुट तोडतो. नवा ड्रायव्हर मोटर फिरवतो का, हे पाहण्याइतकीच कसून ही बाजू तपासली पाहिजे. टूल धातूत घुसलेलं असताना ती पहिल्यांदा तपासली जाऊ नये.

प्रत्येक उपकरण मिलिसेकंदाच्या चौकटीत बसत नाही, हेही खरं. स्पिंडलचा व्हीएफडी मॉडबसवरून उत्तर द्यायला बराच वेळ घेतो. म्हणून त्याचा ड्रायव्हर रिअल-टाइमच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा चालवतात; पिना मात्र तोही हॅलमध्येच मांडतो. वेगाचा आकडा या वाटेने उशिरा गेला तरी बिघडत नाही. इमर्जन्सी स्टॉपसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये; त्याची तार स्वतंत्र ओढावी.

पुढच्या भागात ‘हॅलकंपाइल’ वापरून असा एक छोटा ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून लिहून पाहू.