भरतीच्या विजेचा शोध: रान्सपासून कोकणच्या खाड्यांपर्यंत

घोड नदी आहुप्याजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण घोडचे पाणी पूर्वेकडे उतरते, भीमेतून कृष्णेत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकच्या परिसराने पाणी पाहिले ते नदीचे, विहिरीचे आणि डिंभे धरणाचे. तरीही भरती-ओहोटीपासून वीज काढण्याच्या संशोधनाकडे आंबेगाव-जुन्नरने आपुलकीने पाहावे, असे मला मनापासून वाटते. थोड्या उंचीवरून पडणाऱ्या किंवा नुसत्या वाहणाऱ्या पाण्यातून वीज कशी मिळवायची, हा या संशोधनाचा गाभा आहे आणि तो प्रश्न कालव्याकाठीही तितकाच खरा आहे.

भरतीशी या मुलखाचा संबंध तसा जुनाच. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारा बंदरांकडे जाई. खाडीतल्या बंदरात गलबते आत घ्यायची ती भरतीवर आणि बाहेर काढायची ती ओहोटीवर. मुंबईची प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया ही जुनी गोद्यांची जोडीही भरतीची वेळ साधूनच दरवाजे उघडत असे. उरण-पेण-वसईची मिठागरे आजही उधाणाचे पाणी आत घेऊन मीठ पिकवतात. भरतीची ताकद आपण वापरत आलो आहोत; तिची वीज मात्र केली नाही.

पंचांगाइतकी पक्की

ऊन ढगाखाली जाते, वारा पडतो, पाऊस दगा देतो. भरती यांपैकी कशावरही अवलंबून नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने ती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण होते आणि अष्टमीच्या सुमारास भांग. पुढच्या कित्येक वर्षांचे वेळापत्रक आज मांडता येते. वीजजाळे सांभाळणाऱ्यांना हे फार मोलाचे आहे. अडचण अशी की भरती संध्याकाळच्या मागणीची वाट पाहत नाही. तिची वीज कधी मध्यरात्री येईल, कधी भर दुपारी. म्हणून साठवणीचा विचार तिच्याबरोबरच करावा लागतो. आपल्याकडे घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प हेच काम करतो: वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, कमी पडेल तेव्हा खाली सोडायचे.

फरकाचा वर्ग

भरतीची वीज दोन प्रकारे काढतात. पहिला प्रकार बंधाऱ्याचा: खाडीचे तोंड बांधायचे, भरतीचे पाणी आत अडवायचे आणि ओहोटीला टर्बाइनमधून सोडायचे. यात मिळणारी ऊर्जा भरती-ओहोटीच्या पातळीतील फरकाच्या वर्गाने वाढते. १ चौरस किलोमीटरचा जलाशय एकदा भरून रिकामा केला, तर ८ मीटरच्या फरकात सैद्धांतिक कमाल सुमारे ८९,००० युनिट असते. ४ मीटरला ती सुमारे २२,००० वर येते आणि २ मीटरला जेमतेम ५,६०० वर. प्रत्यक्षात हातात पडते ते याहून बरेच कमी.

दुसरा प्रकार प्रवाहाचा: बंधारा न घालता पवनचक्कीसारखे पाते पाण्याखाली फिरवायचे. इथे वेगाचा घन मोजावा लागतो. सेकंदाला १ मीटर वेगाच्या समुद्राच्या पाण्यात दर चौरस मीटरला सुमारे ५०० वॉट असतात. वेग अडीच मीटर झाला की ८,००० वॉट. त्यातलाही ५९ टक्क्यांहून अधिक भाग उघड्या प्रवाहातले कोणतेच पाते घेऊ शकत नाही. म्हणूनच भरतीच्या विजेचा पहिला प्रश्न यंत्राचा नसून जागेचा असतो.

जगाने काय शिकवले

फ्रान्सने रान्स नदीच्या मुखावर १९६६ साली २४० मेगावॉटचे केंद्र सुरू केले. तिथे सरासरी फरक ८ मीटर आहे. चोवीस टर्बाइन वर्षाला सुमारे ५० कोटी युनिट देतात आणि अर्धशतक उलटून गेले तरी केंद्र चालू आहे. पण बांधकामासाठी खाडी जवळजवळ तीन वर्षे समुद्रापासून तोडली गेली होती. तिथली जीवसृष्टी कोसळली आणि नवा समतोल साधायला सुमारे दहा वर्षे लागली. दक्षिण कोरियाने २०११ साली सिहवा येथे २५४ मेगावॉटचे केंद्र उभारले. समुद्रात आधीच घातलेल्या भिंतीमुळे आतले पाणी सडत होते. टर्बाइन बसवल्याने ते पुन्हा खेळते झाले आणि वीजही मिळाली. आधीच्या बांधकामाचा असा उपयोग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा धडा वाटतो. कॅनडाचे अ‍ॅनापोलिस रॉयल हे १९८४ चे २० मेगावॉटचे केंद्र मात्र २०१९ साली बंद पडले; यंत्रातल्या बिघाडाबरोबर मासे मरण्याचा प्रश्नही तिथे होता.

प्रवाहाच्या प्रकारात स्कॉटलंड पुढे आहे. ऑर्कनी बेटांवर २००३ पासून चाचणी केंद्र आहे, तर पेंटलँड सामुद्रधुनीत मेजेन प्रकल्पाची दीड मेगावॉटची चार टर्बाइने समुद्रतळावर फिरतात.

भारताचा हिशेब

आपल्याकडे सर्वांत मोठा फरक खंभातच्या आखातात आहे. भावनगरजवळ तो दहा मीटरच्या पुढे जातो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. अनिल काणे यांनी १९८० च्या दशकात ‘कल्पसर’ची कल्पना मांडली: आखातावर धरण घालून गोड्या पाण्याचा जलाशय आणि भरतीची वीज. पुढे वीज मागे पडली, गोडे पाणी पुढे आले. कच्छच्या आखातात हंसस्थळ खाडीवर ९०० मेगावॉटचा अभ्यास झाला. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवरचा ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प २३८ कोटी रुपयांवर, म्हणजे मेगावॉटमागे ६३ कोटींवर गेल्याने सोडून द्यावा लागला. २०१४ च्या अभ्यासात देशाची भरती-ऊर्जेची क्षमता १२,४५५ मेगावॉट मांडली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने सागरी ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला. आजवर भरतीचे एकही व्यापारी केंद्र देशात उभे नाही.

आपला किनारा, आपला कालवा

मुंबईत मोठ्या उधाणाला फरक साडेचार मीटरच्या आसपास असतो. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो दोन-अडीच मीटरवर येतो. वर्गाचा हिशेब लावला की मोठ्या बंधाऱ्याचे स्वप्न महाराष्ट्राने सोडावे, हे उघड आहे. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे, कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि खाडीवर कोळ्यांचे पोट आहे. विजेसाठी खाडीचे तोंड बुजवणे आपल्याला परवडणारे नाही.

करण्यासारखे मात्र बरेच आहे. कोकणात खारभूमीचे बांध आहेत, त्यांना उघाड्या आहेत. भरतीला बंद होणारी आणि ओहोटीला पाणी सोडणारी ही दारे म्हणजे तयार बांधकामे आहेत. तिथे लहान टर्बाइन टिकते का, किती वीज देते, पावसाळी गाळ आणि खारे पाणी त्याचे काय करतात, हे तपासता येईल. मिळणारी वीज थोडी असेल. ज्ञान थोडे नसेल.

इथे घाटमाथ्यावरचा पट्टा कामाला येतो. डिंभ्याच्या पायथ्याशी ५ मेगावॉटचे वीजघर आहे. पन्नास मीटरवरून पडणारे पाणी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे सव्वासात घनमीटरमध्ये एक युनिट देऊ शकते. दोन मीटरवरून पडणाऱ्या पाण्याला त्यासाठी १८० घनमीटरहून अधिक लागते. म्हणून मोठी उंची आपण वापरतो आणि लहान उंची सोडून देतो. कालव्यांवरचे लहान धबधबे आणि उघाडीतले ओहोटीचे पाणी या दोघांना एकाच जातीचे यंत्र हवे: रुंद, संथ, स्वस्त आणि गावात दुरुस्त होणारे.

शेजारच्या अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे बंदरांच्या प्रतिकृतींत भरती-ओहोटी निर्माण करून अभ्यास होतो. कालव्याच्या गोड्या पाण्यात यंत्र आधी पारखावे, खडकवासल्यात खाडीची प्रतिकृती करून ते तपासावे, मगच कोकणात न्यावे, हा क्रम मला योग्य वाटतो. त्याआधी एक काम मात्र आजच हाती घ्यावे: धरमतर, दाभोळ, वसईच्या खाड्यांतल्या प्रवाहाचा वेग उधाणाला आणि भांगाला, वर्षभर मोजावा, आणि तो मोजताना तिथल्या कोळ्यांना सोबत घ्यावे. पाणी कुठे धावते हे त्यांना ठाऊक असते. खर्च आवाक्याबाहेर गेला तर प्रकल्प सोडून द्यावा लागतो, हे दुर्गादुआनीने दाखवले. म्हणून महाराष्ट्राने भरतीच्या विजेची सुरुवात मोजमापाने करावी, आणि त्या मोजमापात आंबेगावच्या मुलामुलींचाही हात असावा.