दैव आणि दायित्व : दोन महाकाव्यांची साक्ष

होमरच्या माणसाला आपण स्वतःच आपल्या निर्णयांचे उगमस्थान आहोत याची जाणीव नव्हती, असे प्रतिपादन ब्रूनो स्नेल यांनी १९४६ मध्ये केले. संहितेची साक्ष मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. ‘इलियड’च्या १९व्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन अकिलीसच्या अवमानाचा दोष झ्यूस, नियती व एरिनिस यांच्यावर टाकतो, परंतु त्याच भाषणात तो भरपाईही देऊ करतो. म्हणजे कारण दैवी असले, तरी दायित्व त्याचेच राहते.

‘महाभारता’च्या सभापर्वात द्यूताला अनुमती देताना धृतराष्ट्रही दैवाचाच आधार घेतो. द्रौपदीला वर दिल्यानंतर तो पांडवांचे राज्य परत करतो खरा. पण लगेच अनुद्यूतालाही संमती देतो. पुढे युद्धवृत्तांत कथन करताना संजय त्याला वारंवार बजावतो, की हा अनर्थ त्याच्याच दोषाचे फळ आहे.

तेव्हा दोन्ही ठिकाणी दैव हे घटनेचे स्पष्टीकरण आहे, दोषमुक्ती नव्हे. ग्रीक काव्यात हा भेद वक्ता स्वतः पाळतो. भारतीय काव्यात तो दुसऱ्या पात्राच्या मुखाने प्रकट होतो. म्हणूनच ‘दैववादी’ हे विशेषण संपूर्ण संहितेला लावण्यापूर्वी दैवाचे नाव कोण, कोणत्या प्रसंगी आणि कशासाठी घेतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.