दर्शनी मांडणी : काळ, प्रकार, प्रकाश

व्याख्या : गिऱ्हाइकाने उंबरठा ओलांडण्यापूर्वीच त्याच्या नजरेस पडावा अशा बेताने दुकानाच्या रस्त्याकडील अंगास रचलेला निवडक माल.

काळ : मोठ्या आकाराची सपाट काच एकोणिसाव्या शतकात सुलभ झाल्यावर पाश्चात्त्य शहरांत ही कला विस्तारली. एल. फ्रँक बॉम यांनी १८९७ मध्ये शिकागो येथे तिला वाहिलेले मासिक काढले. लंडनला १९०९ साली उघडलेल्या सेल्फ्रिज या दुकानाच्या काचा रात्रीही प्रकाशित असत.

प्रकार : बंद मांडणीत पाठीशी भिंत असते, खुल्या मांडणीत दुकानाचा अंतर्भागही दिसतो. काच नसेल तेथे शटरला टांगलेले कपडे आणि ओट्यावरचे पुतळे हेच कार्य करतात.

देवरी : भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यातील, राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचे, छत्तीसगडच्या सरहद्दीनजीकचे तालुक्याचे ठिकाण. येथे धावत्या वाहनातील प्रवाशास मांडणी पाहण्यास क्षणमात्र अवकाश मिळत असल्याने महामार्गालगतच्या कापडदुकानात मोजकी वस्त्रे आणि ठळक, परस्परविरोधी रंग अधिक उपयुक्त.

प्रकाश : बाहेर ऊन प्रखर आणि आत अंधार असला, म्हणजे काच आरशाप्रमाणे रस्त्याचेच प्रतिबिंब दाखवू लागते, म्हणून विदर्भातील उन्हाळ्यात छज्ज्याची सावली व आतील दिवे यांची तजवीज मांडणीहूनही अगोदर करावी लागते. उन्हातील अतिनील किरणांनी रंग विटतात आणि या मुलखातील कोसा रेशमाच्या साडीचे तर तंतूही दुर्बल होतात, यास्तव मांडलेले वस्त्र वरचेवर बदलणे अगत्याचे.